केनियात स्वयंसेवक म्हणून जायचंय? पगार नसला तरी परवाना लागतो

केनियात काही महिने सेवाकार्य करायला निघालेल्यांचा पहिला गैरसमज असा असतो: पैसे घेणार नाही, मग कामाचा परवाना कशाला? फिरायला जातो म्हणून नोंद करायची आणि तिथे शाळेत शिकवायचं किंवा दवाखान्यात मदत करायची, असा सल्ला काही मध्यस्थही बिनदिक्कत देतात. तो ऐकू नका. केनियाच्या 2011 च्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन कायद्यात परदेशी माणसाने परवानगीशिवाय नोकरी, व्यवसाय किंवा कोणतंही कामकाज करणं हा गुन्हा आहे. त्याला 5 लाख शिलिंगपर्यंत दंड, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. धर्मादाय कामासाठी तिथे परवान्याचा स्वतंत्र वर्गच आहे, त्यामुळे 'मला माहीत नव्हतं' ही सबब टिकत नाही.

ईटीए कशासाठी, परवाना कशासाठी

जानेवारी 2024 पासून केनियाने जुना ई-व्हिसा बंद करून ईटीए, म्हणजे प्रवासापूर्वी घ्यायची इलेक्ट्रॉनिक परवानगी, सुरू केली. भारतीय पासपोर्टवाल्यांना ती लागतेच, लहान मुलांनाही वेगळी लागते. शुल्क 30 डॉलर, त्यावर कार्डाचा थोडा खर्च. पासपोर्ट पोहोचण्याच्या तारखेपासून किमान 6 महिने वैध हवा आणि त्यात एक कोरं पान हवं. सोबत फोटो, जाण्यायेण्याचं तिकीट आणि राहण्याच्या जागेचा पुरावा अपलोड करायचा. उत्तर साधारण 3 दिवसांत येतं, तरी निदान दोन आठवडे हाताशी ठेवा. ही परवानगी एका प्रवेशापुरती आणि जास्तीत जास्त 90 दिवसांच्या मुक्कामाची असते.

अर्ज भरताना दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली नावाची. आपल्याकडे पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. तिकीट काढताना मधलं नाव गाळलं जातं आणि ईटीएवर ते पूर्ण येतं, मग विमानतळावर वाद. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यातलं नाव जसंच्या तसं दोन्हीकडे भरा. दुसरी चूक संकेतस्थळाची. शोधल्यावर वर येणारी बरीच पानं खासगी दलालांची असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. सरकारी पत्त्याचा शेवट 'डॉट गो डॉट केई' असाच असतो, तो तपासल्याशिवाय कार्डाचा नंबर टाकू नका.

ईटीए असली म्हणजे देशात शिरता येतं, काम करता येत नाही. केनिया, युगांडा आणि रवांडा या तिन्ही देशांत चालणारा 100 डॉलरचा पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसाही तसाच, तो फिरण्यापुरता.

कामासाठी तीन वाटा आहेत. दीर्घ मुदतीच्या सेवाकार्याला 'क्लास आय' परवाना लागतो. मान्यताप्राप्त धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी तो असतो आणि स्वयंसेवक त्यातच मोडतात. काही आठवड्यांच्या किंवा थोड्या महिन्यांच्या कामाला 'स्पेशल पास' मिळतो. एमएसडब्ल्यू, नर्सिंग किंवा सार्वजनिक आरोग्याचे जे विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून जातात, त्यांनी 'इंटर्नशिप पास' मागावा. त्यासाठी आपल्या कॉलेजचं पत्र महत्त्वाचं ठरतं. आपण कोणत्या वर्गात बसतो हे यजमान संस्थेने लेखी सांगायला हवं. तोंडी 'होऊन जाईल' म्हणणाऱ्या संस्थेला पुन्हा विचारा, आणि तरी लेखी मिळालं नाही तर ती संस्था सोडा.

अर्ज संस्था करते, तुम्ही नाही

क्लास आय परवान्यासाठी अर्ज यजमान संस्था ऑनलाइन करते, आणि तो तुम्ही भारतात असतानाच झालेला बरा. पर्यटक म्हणून आधी जायचं आणि मग तिथून परवाना काढायचा, असं केलं तर 90 दिवसांचं घड्याळ चालू होतं. परवाना हातात येईपर्यंत काम करता येत नाही आणि राहण्याखाण्याचा खर्च मात्र चालू राहतो.

संस्थेकडून लागतं ते असं: इमिग्रेशन सेवांच्या महासंचालकांच्या नावे सहीचं पत्र, संस्थेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र आणि फॉर्म 25, म्हणजे परवान्याच्या अर्जाचा नमुना. पत्रात तुमचं काम, ठिकाण, कालावधी आणि राहण्याखाण्याची जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट हवं. संस्था स्वयंसेवी म्हणून नोंदलेली असेल तर तिच्या नियामकाचं शिफारसपत्रही लागतं. इथे एक बदल लक्षात ठेवा. 2013 चा सार्वजनिक हित संस्था कायदा प्रत्यक्षात 14 मे 2024 ला लागू झाला आणि जुन्या एनजीओ समन्वय मंडळाची जागा नव्या प्राधिकरणाने घेतली. संस्थेने जुन्या मंडळाच्या लेटरहेडवरचं पत्र पाठवलं तर ताजं मागा. गावपातळीवरच्या छोट्या गटांचं काम अनेकदा फार चांगलं असतं, पण त्यांची कागदपत्रं परवान्याला पुरतील का, हे तिकीट काढण्याआधी कळायला हवं.

तुमच्याकडून पासपोर्टची प्रत, दोन रंगीत फोटो, बायोडेटा, शिक्षणाची प्रमाणपत्रं आणि पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र, म्हणजे तुमच्यावर गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला, लागतं.

शुल्क दोन टप्प्यांत भरायचं असतं. अर्जाच्या छाननीचं आधी भरतात आणि ते परत मिळत नाही. परवाना देण्याचं शुल्क मंजुरीनंतर. आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवर दिसणारा आकडाच धरा आणि संस्थेने तुमच्याकडून घेतलेल्या रकमेची सरकारी पावती मागून घ्या. मंजुरीनंतरची पुढची कामं नैरोबीत केन्याटा अव्हेन्यूवरच्या न्यायो हाऊसमध्ये, म्हणजे इमिग्रेशनच्या मुख्यालयात होतात. 90 दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर परदेशी नागरिक म्हणून स्वतंत्र नोंदणी करून ओळखपत्र घ्यावं लागतं. परवाना मिळाला की सगळं झालं असं वाटून ही पायरी बऱ्याच जणांकडून राहून जाते.

परवाना त्या एका संस्थेपुरता असतो. तिथे पोहोचल्यावर काम पटलं नाही म्हणून शेजारच्या संस्थेत गेलात, तर जुना परवाना उपयोगाचा नाही. म्हणूनच संस्थेची निवड आधी नीट करा.

पोलीस क्लिअरन्स: इथे अर्ज अडतो

हे प्रमाणपत्र पासपोर्ट सेवा पोर्टलवरून मिळतं, शुल्क 500 रुपये. अर्जात देश निवडावा लागतो आणि प्रमाणपत्र त्याच देशापुरतं असतं. मुंबई, पुणे, नागपूर कुठेही राहत असलात तरी अपॉइंटमेंटच्या दिवशी मूळ पासपोर्ट सोबत न्या. पत्ता बदलला असेल तर पोलीस पडताळणीला वेळ लागतो, आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकराराची प्रत जवळ ठेवल्याने एक फेरी वाचते.

अडचण येते ती पुढच्या मुद्द्यावर: पर्यटक व्हिसावर जाणाऱ्यांना हे प्रमाणपत्र दिलंच जात नाही. ते नोकरी, दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा स्थलांतर अशा कारणांसाठी असतं. म्हणून यजमान संस्थेचं निमंत्रणपत्र आधी मिळवा आणि त्यात परवान्यासाठी अर्ज होणार असल्याचा उल्लेख करून घ्या. प्रमाणपत्र फार लवकरही काढू नका; सहा महिन्यांहून जुनं असेल तर ते सहसा मान्य होत नाही.

पासपोर्टवर ईसीआर शिक्का, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची मंजुरी लागते अशी खूण, असणारे विचारतात की ही मंजुरी, म्हणजे एमिग्रेशन क्लिअरन्स, लागेल का. केनिया त्या देशांच्या यादीत नाही, त्यामुळे लागत नाही.

पेशानुसार वेगळी नोंदणी

परवाना असला तरी काही कामांना तेवढा पुरत नाही. डॉक्टर आणि दंतवैद्यांना केनिया मेडिकल प्रॅक्टिशनर्स अँड डेंटिस्ट्स कौन्सिलकडून तात्पुरता परवाना घ्यावा लागतो, परिचारिकांना तिथल्या नर्सिंग कौन्सिलकडून. वर्गावर शिकवणाऱ्यांनी टीचर्स सर्व्हिस कमिशनच्या नोंदणीबद्दल शाळेला विचारावं. प्रमाणपत्रांच्या साक्षांकनाला आपल्याकडे आधी राज्य सरकारची पायरी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाची, असा क्रम आहे. त्यालाही काही आठवडे जातात. सर्वेक्षण, मुलाखती, प्रबंधासाठी माहिती गोळा करणं हे संशोधन ठरतं आणि त्याला नॅकोस्टी या राष्ट्रीय आयोगाचा परवाना हवा. 'नुसती प्रश्नावली भरून घेतो' असं म्हणून सुटका होत नाही.

अनाथाश्रमात मुलांसोबत काम करायची इच्छा असेल तर जरा थांबा. केनिया सरकारने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि 2022 ते 2032 या काळासाठीच्या धोरणात मुलांना संस्थांतून कुटुंबात परत नेण्याचं ठरवलं. परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांसाठी आईवडील असलेली मुलंही आश्रमात ठेवली जातात, हे यामागचं एक कारण. दर महिन्याला नवा ताई-दादा येऊन जातो आणि मूल पुन्हा एकटं पडतं. तुमच्याकडून पोलीस क्लिअरन्स न मागता मुलांजवळ जाऊ देणारी संस्था मुलांची काळजी घेत नाही, एवढं नक्की. त्यापेक्षा शिक्षक प्रशिक्षण, हिशेब, शेती, पाणी किंवा संगणक अशा कामात तुमचं कौशल्य जास्त उपयोगी पडेल.

लसी आणि परतीचा प्रवास

पिवळ्या तापाची लस न घेता गेलात तर खरी अडचण परतताना येते. केनिया भारताच्या यादीत पिवळ्या तापाचा देश आहे. वैध प्रमाणपत्राशिवाय तिथून मुंबईत उतरलात तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जातं. लस घेतल्यावर 10 दिवसांनी प्रमाणपत्र वैध होतं आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. दहा वर्षांनी पुन्हा घ्या म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

ही लस कुठल्याही दवाखान्यात घेऊन चालत नाही, अधिकृत केंद्रच हवं. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना, गोव्यात मुरगाव बंदराची आरोग्य संघटना ही सरकारी केंद्रं आहेत. एका कुपीत अनेक डोस असतात आणि ती उघडल्यावर सहा तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरलेल्या दिवशीच आणि नावनोंदणी करून लस देतात. मूळ पासपोर्ट न्या, कारण पुस्तिकेवर त्याचा नंबर लिहिला जातो. नंतर पासपोर्ट बदलला तर जुना सोबत ठेवा. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं किंवा साठीपुढचं वय असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पोलिओच्या थेंबांचं प्रमाणपत्र लागणाऱ्या देशांची यादी बदलत असते आणि केनियाचं नाव त्यात आलेलं आहे. लागत असल्यास ते निघण्याच्या 4 आठवडे आधी घ्यावं लागतं, म्हणून त्याच केंद्रावर विचारा.

नैरोबी सुमारे 1,800 मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे मलेरियाचा धोका कमी. किसुमू, व्हिक्टोरिया सरोवराचा काठ आणि मोंबासाचा किनारा इथे तो भरपूर. 'आपण भारतीय, आपल्याला सवय आहे' हा समज जिवावर बेततो. तिथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपॅरम जातीचा असून क्लोरोक्विनला दाद देत नाही. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि परतल्यावर सांगितलेले दिवस पूर्ण करा. डॉक्सिसायक्लिन असेल तर ती परतल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. तुर्काना किंवा तशा दूरच्या भागात जाणार असाल तर विम्यात हवाई रुग्णवाहिकेचा खर्च धरलेला असावा.

वेळ आणि सामान

निघण्याच्या किमान चार महिने आधी संस्थेचं पत्र हातात हवं. मग पोलीस क्लिअरन्स आणि साक्षांकन, त्यानंतर संस्थेचा अर्ज, मंजुरीपत्र आल्यावर तिकीट आणि शेवटी ईटीए. तिकीट आधी काढून मंजुरीची वाट पाहणाऱ्यांना तारीख बदलण्याचा भुर्दंड बसतो.

2017 पासून केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, त्यामुळे लाडू-चिवडा कापडी पिशवीत किंवा डब्यात भरा. ड्रोन नेऊ नका. तिथल्या नागरी उड्डाण प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तो विमानतळावरच जप्त होतो. मंजुरीपत्र, निमंत्रणपत्र आणि लसीची पुस्तिका हातातल्या बॅगेत ठेवा आणि प्रत्येकाची एक छापील प्रत वेगळी ठेवा. जोमो केन्याटा विमानतळावर अधिकारी येण्याचं कारण विचारतात तेव्हा खरं कारण सांगून मंजुरीपत्र पुढे करा.