पाप्रिका

पाप्रिका म्हणजे ‘कॅप्सिकम ॲन्युअम’ जातीच्या, झाडावरच पिकून लाल झालेल्या मिरच्या वाळवून केलेली पूड. रंग गडद, तिखटपणा बहुधा बेताचा आणि चव गोडसर. तिला ‘परदेशी लाल तिखट’ म्हणणे अपुरे आहे. तिखट आपण झणक्यासाठी घालतो, पाप्रिका मुख्यतः रंग आणि वासासाठी. हंगेरीत मात्र झाड, ताजे फळ आणि पूड या तिन्हींना हा एकच शब्द आहे.

या शब्दाचे मूळ आपल्या ओळखीचे आहे. संस्कृत ‘पिप्पली’, म्हणजे आपली पिंपळी, ग्रीकमध्ये ‘पेपेरी’ आणि लॅटिनमध्ये ‘पिपेर’ झाली, आणि वाटेत तिचा अर्थ मिरे असा झाला. त्यावरून सर्बो-क्रोएशियन ‘पापर’, पुढे ‘पाप्रिका’. हा शब्द हंगेरियन भाषेमार्फत जगभर गेला. खरे तर मिरची वांगी-टोमॅटोच्या कुळातली, मिऱ्याशी तिचे काहीच नाते नाही. पण नव्या तिखट फळाला लोकांनी जुन्या तिखटाचे नाव दिले. मराठीतही ‘मिरे’ आणि ‘मिरची’ दोन्ही ‘मरिच’वरूनच आले.

फळ मूळचे मेक्सिकोकडचे. कोलंबसाच्या सफरींनंतर ते स्पेनमध्ये आले; हंगेरीत सोळाव्या शतकात तुर्कांच्या अमलात पोचले, म्हणून तिथे आधी ‘तुर्की मिरे’ म्हटले जाई. सेगेद आणि कालोचा ही तिथली दोन नामांकित केंद्रे. कालोचात शरद ऋतूत घरांच्या भिंतींवर लाल मिरच्यांच्या माळा वाळत असतात. तिखटपणा बियांत असतो असा आपल्याकडे समज आहे. खरा तिखटपणा बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढुरक्या शिरांत असतो. 1859 मध्ये सेगेदच्या पाल्फी बंधूंनी शिरा-बिया वेगळ्या करण्याचे यंत्र काढले आणि गोड पाप्रिका मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. याच गावी आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी पाप्रिकातून क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात वेगळे काढले. त्यांना 1937 चे नोबेल मिळाले.

स्पेनमध्ये हिला ‘पिमेंतोन’ म्हणतात. ला वेरा भागात मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर अनेक दिवस वाळवतात. तो धुरकट वास पुडीत टिकून राहतो.

पाप्रिकाचा रंग स्निग्धात उतरतो, मिसळीच्या तर्रीसारखाच. पण तिच्यातली साखर चटकन करपते आणि पूड कडू होते. म्हणून गुलाश, म्हणजे हंगेरीचा मांसाचा रस्सा, करताना चरबीवर कांदा परतून झाला की भांडे आचेवरून खाली घेतात, पूड घालून ढवळतात आणि लगेच पाणी किंवा मांस घालतात. आपल्याकडे तिच्या सर्वांत जवळची म्हणजे कर्नाटकातली ब्याडगी: सुरकुतलेली, रंगाला भारी, तिखटाला कमी. शिरा-बिया काढून दळली तर हंगेरियन गोड पाप्रिकाच्या जागी ती चालते. ला वेराच्या जागी नाही, कारण धूर तिच्यात नसतो.