रानटी श्वानकुळातील आंत्रकृमी (सातारा–सांगली)

लांडगा, कोल्हा, खोकड आणि कोळसुंदा यांच्या आतड्यात राहणारे परजीवी जंत. कोळसुंदा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातील कोयना–चांदोलीच्या जंगलात असतो, तर लांडगा आणि खोकड माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यातील माळांवर. कोल्हा दोन्हीकडे दिसतो. माळावर लांडगा, धनगरांची मेंढरे आणि राखणीची कुत्री एकाच वाटेने फिरत असल्याने जंतांची देवाणघेवाण तिथे सोपी होते.

गोलकृमी (टॉक्सोकॅरा कॅनिस) आणि अंकुशकृमी पिल्लांना जास्त छळतात. गोलकृमीच्या अळ्या मादीच्या गर्भातच पिल्लात शिरतात. पिल्लाचे पोट फुगते, वाढ खुंटते. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. धडधाकट मोठ्या प्राण्याला हे जंत सहसा मारत नाहीत, त्यामुळे विष्ठेत अंडी दिसली म्हणून लांडगा आजारी ठरत नाही. उपासमार किंवा खरूज सोबत आली की मात्र त्यांचा भार जाणवतो.

पट्टकृमींना दोन यजमान, म्हणजे ज्यांच्या शरीरात ते वाढतात असे दोन प्राणी, लागतात. टीनिया मल्टिसेप्स या पट्टकृमीची अंडी चाऱ्यातून मेंढीच्या पोटात गेली की अळीची पाणीदार गाठ तिच्या मेंदूत वाढते. मेंढी एकाच बाजूला चकरा मारू लागते, कळपामागे राहते आणि लांडग्याच्या सहज तावडीत सापडते. तिचा मेंदू खाल्ला गेला की अळी लांडग्याच्या आतड्यात पोचते आणि जंताचे काम झाले. एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस या दुसऱ्या पट्टकृमीचा प्रौढ जंत जेमतेम 3 ते 6 मिमी लांब. पण त्याच्या अळीच्या पाणीदार गाठी (हायडॅटिड) मेंढीच्या आणि माणसाच्याही यकृत-फुप्फुसांत होतात, आणि माणसात त्या कित्येकदा शस्त्रक्रियेने काढाव्या लागतात. याचा दोष मटणाला देणे चूक आहे. माणसाला लागण होते ती विष्ठेतली अंडी हाताला लागून किंवा पाण्या-भाजीतून पोटात गेल्याने. यात लांडग्यापेक्षा अंगणातल्या कुत्र्याचा संबंध अधिक, कारण जत्रेत बकरे कापल्यावर गाठी असलेले काळीज-फोपसे त्याच्यापुढेच टाकले जाते.

तपासणीसाठी विष्ठा मिठाच्या किंवा साखरेच्या दाट द्रावणात ढवळून वर तरंगणारी अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. टीनिया आणि एकिनोकॉकस यांची अंडी सारखीच दिसतात, शिवाय माळावरची विष्ठा लांडग्याची की कुत्र्याची हेही नुसत्या नजरेने ठामपणे सांगता येत नाही. दोन्हींसाठी डीएनए चाचणी लागते.

रानातल्या लांडग्याला ठरावीक अंतराने औषध देत राहणे व्यवहार्य नाही. कळपाच्या कुत्र्यांना प्राझिक्वांटेल हे पट्टकृमीवरचे औषध नियमित देणे, गाठी असलेले अवयव खोल पुरणे किंवा जाळणे, हे मात्र धनगरांच्या वाड्यावरही जमते.