सिगार एका बाजूने का जळतो? पावसाळ्यातील साठवण आणि पारख यांविषयी ग्राहकांसाठी माहिती

जून ते सप्टेंबर या काळात आमच्याकडे परत येणाऱ्या सिगारांविषयीची तक्रार बहुधा ठरलेली असते: सिगार एका बाजूने जळतो, सारखा विझतो, ओढताना जोर लावावा लागतो आणि निम्म्यापुढे कडू लागतो. माल नीट वळलेला नाही, असा निष्कर्ष काढूनच ग्राहक दुकानात येतात. कधी कधी तसे खरेच असते आणि तेव्हा आम्ही सिगार बदलून देतो. मात्र परत आलेले बहुतेक सिगार हातात घेताच ओलसर लागतात, आणि ओलसर सिगारवरून त्याची बांधणी, जळण किंवा चव यांपैकी कशाचीच पारख होऊ शकत नाही.

याचे मूळ ह्युमिडोरसोबत, म्हणजे सिगार योग्य ओलाव्यावर ठेवण्याच्या डब्यासोबत, येणाऱ्या सूचनापत्रकात आहे. स्पंजात ऊर्ध्वपातित पाणी भरावे आणि ते आटले की पुन्हा भरावे, ही त्यातील सूचना कोरड्या, थंड हिवाळ्याच्या देशांसाठी लिहिलेली असते. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात जुलै महिन्यात हवेतील सापेक्ष आर्द्रताच कित्येकदा ८५ टक्क्यांच्या वर असते, आणि सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता पुरते. अशा वेळी स्पंजात पाणी भरणे म्हणजे भिजलेल्यावर आणखी पाणी ओतणे होय. पावसाळ्यात आपल्या डब्यातील स्पंज काढून ठेवावा आणि त्याऐवजी ओलावा सोडणारी व शोषूनही घेणारी ६५ टक्क्यांची पाकिटे ठेवावीत. ती आमच्याकडे मिळतात आणि अन्यत्रही मिळतात. कोठूनही घेतली तरी चालेल, पण स्पंज काढावा. याउलट, रात्रंदिवस वातानुकूलित असलेल्या खोलीत डबा उघडा राहिल्यास वरचे पान सुकून तडकते. फ्रिजमध्येही हवा कोरडी असते आणि शिवाय तेथे कालच्या भाजीचा वास लागतो, म्हणून तो मार्ग नको. पत्र्याच्या डबीत येणारे डच पद्धतीचे छोटे सिगार मुळातच कोरडे ओढण्यासाठी बनवलेले असतात. ते कृपया ह्युमिडोरमध्ये ठेवू नयेत.

हायग्रोमीटरच्या, म्हणजे डब्यातील आर्द्रता मोजणाऱ्या यंत्राच्या, आकड्यावर आंधळा विश्वास नको. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधे मीठ घेऊन त्यावर काही थेंब पाणी टाकावे. मीठ विरघळू न देता केवळ ओले करावे. हे झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावे. सकाळी आकडा ७५ दिसला पाहिजे. तो ६८ दिसत असेल तर आपले यंत्र ७ टक्के कमी दाखवते आणि ज्याला आपण ७० समजत होता ते प्रत्यक्षात ७७ होते.

ओलावा जास्त झाला की आतली पाने फुगतात, धूर येण्याची वाट आवळते आणि निखाऱ्याची उष्णता पाणी वाफवण्यात खर्च होते. म्हणून सिगार विझतो, पुन्हा पेटवावा लागतो आणि प्रत्येक वेळी चव अधिक कडवट होते. फुगलेल्या गाभ्याच्या ताणाने वरचे पान उकलते, त्यालाच अनेकदा कच्ची बांधणी समजले जाते. असा सिगार पंख्याखाली किंवा उन्हात सुकवू नये, कारण वरचे पान आधी आकसते, आतले फुगलेलेच राहते आणि तडा जातो. ६५ टक्क्यांच्या पाकिटासह बंद डब्यात तो दोन-तीन आठवडे ठेवावा. घाई करून उपयोग नाही.

सिगार योग्य ओलाव्यावर आला की मगच पारख सुरू करावी. अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून पेटवण्याच्या टोकापासून वरपर्यंत हलकेच दाबत जावे; तो किंचित दबून पुन्हा पूर्ववत व्हावा. एखाद्या जागी पोकळ लागल्यास तेथे पाने कमी भरली आहेत, आणि गाठ लागल्यास तेथे धूर अडणार. टोपी म्हणजे तोंडात धरण्याच्या टोकावर चिकटवलेला पानाचा तुकडा; तिच्या जोडरेषेच्या वरच, साधारण दीड-दोन मिलिमीटर कापावे. रेषेखाली कापले की पान सुटू लागते आणि त्यात वळणाऱ्याचा दोष नसतो. पेटवण्याआधी एकदा कोरडाच ओढून पाहावा, म्हणजे तक्रार तेथेच कळते.

पेटवताना ज्योत न टेकवता सिगार फिरवत संपूर्ण टोक शेकावे आणि पुढे मिनिटाला एखादाच झुरका घ्यावा. गाभ्यात सहसा लिगेरो हे रोपाच्या वरच्या भागातील जाड, तेलकट पान असते आणि ते सर्वांत सावकाश जळते. त्यामुळे राख झाडल्यावर निखारा मध्यभागी किंचित टोकदार दिसला पाहिजे. तेथे खड्डा दिसला, तर आतला भाग पुढे जळत गेला आहे आणि वरचे पान मागे राहिले आहे. त्याचे नेहमीचे कारण ओलावा किंवा फारच सावकाश ओढणे. जळणरेषा थोडी वाकडी असणे दोष नव्हे, ती बहुधा आपोआप सरळ होते. राख पांढरी की करडी, हे मातीतील खनिजांवर अवलंबून असते. ती किती लांब टिकते याची पैज लावणाऱ्यांना आमच्या शुभेच्छा आहेत, पण चवीशी तिचा संबंध नाही.

चवीबाबत एवढेच सांगतो, की गडद पान म्हणजे कडक सिगार हा समज चुकीचा आहे; मदुरो या गडद तपकिरी वरच्या पानाचा गडदपणा दीर्घ किण्वनातून येतो आणि त्याची चव अनेकदा गोडसर असते. पहिल्या तृतीयांशात मिरी, मध्ये लाकूड किंवा कोको, शेवटी माती असा बदल जाणवणे चांगल्या मिश्रणाचे लक्षण आहे. नाकाला झोंबणारा अमोनियासारखा वास येत असेल, तर तंबाखू अजून मुरलेला नाही. नवीन आलेला माल आम्ही काही आठवडे विकत नाही तो याचसाठी. डबा दुकानात दिसतो आणि तरी मिळत नाही, याबद्दल रागावू नये. आमचे सिगार बोटांना जरा कडक लागतात असेही काहीजण म्हणतात. ते आम्ही जाणूनबुजून ६५ टक्क्यांवर ठेवतो, कारण येथून घरी जाईपर्यंत पावसाळी हवा उरलेले काम करतेच. घरी सोय नसल्यास आमच्याकडून घेतलेला डबा पावसाळाभर आमच्या कपाटात विनाशुल्क ठेवता येईल.

सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही; तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका त्यात आहेच. १८ वर्षांखालील व्यक्तीला आम्ही काहीही विकत नाही.

बदलून घेण्यासाठी येताना केवळ जळका तुकडा आणू नये, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. त्याच डब्यातील न पेटवलेला एक सिगार हवाबंद पिशवीत घालून आणावा आणि मिठाने तपासलेल्या हायग्रोमीटरचा आकडा सांगावा. गाठ किंवा पोकळी आढळल्यास सिगार त्याच वेळी बदलून मिळेल. ओलसर आढळल्यास तो आम्ही ठेवून घेऊ आणि योग्य ओलाव्यावर आल्यावर आपणांस कळवू.