शस्त्रक्रियागृहापर्यंत चालत की स्ट्रेचरवर?

पूर्वनियोजित शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेला माणूस सकाळी स्वतःच्या पायांनी स्वच्छतागृहात जाऊन येतो, गाउन चढवतो आणि थोड्याच वेळात त्याला स्ट्रेचरवर आडवे करून शस्त्रक्रियागृहाकडे नेले जाते. एवढ्या अवधीत त्याच्या प्रकृतीत काहीही बदललेले नसते.

या प्रथेचे मूळ भूल देण्याच्या जुन्या पद्धतीत आहे. पूर्वी वॉर्डातच मॉर्फिन, स्कोपोलामिन यांसारख्या औषधांची इंजेक्शने देऊन रुग्णाला गुंगी आणली जाई आणि अशा अवस्थेत त्याला चालवणे धोक्याचे असल्याने आडवे नेण्यावाचून गत्यंतर नसे. आता ही औषधे सरसकट दिली जात नाहीत. फ्रान्समध्ये सत्तरीच्या आतील १,०६२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, शस्त्रक्रियेपूर्वी लोराझेपाम हे चिंता कमी करणारे, गुंगी आणणारे औषध दिल्याने रुग्णांचा अनुभव अधिक चांगला झाल्याचे आढळले नाही. गुंगीची गरज ओसरली, तरी अनेक ठिकाणी स्ट्रेचरची सवय टिकून आहे.

प्रत्यक्ष विचारले असता, चालू शकणारे अनेक रुग्ण चालत जाणेच पसंत करतात आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. आडवे असताना डोळ्यांसमोर छताचे दिवे सरकत राहतात, कर्मचारी डोक्यामागून बोलतात आणि चष्मा व श्रवणयंत्र आधीच काढून घेतले असेल तर कोण काय म्हणते आहे हेही धड उमगत नाही. भीतीने नाडी आधीच वाढलेली असते. त्यात आपल्या हातात काहीच उरले नाही ही भावना मिसळते.

चालण्याचा एक शारीरिक लाभही आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. संपूर्ण भूल दिल्यावर त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या सैलावतात, शरीराच्या गाभ्यातील उष्णता हातापायांकडे वाहू लागते आणि पहिल्या तासाभरात आतले तापमान सुमारे १ ते १.५ अंश सेल्सिअसने उतरू शकते. ते ३६ अंशांखाली गेल्यास रक्तस्राव आणि जखमेतील जंतुसंसर्ग यांचा धोका वाढतो. हातपाय आधीच उबदार असतील तर ही घसरण कमी होते आणि चालताना स्नायू उष्णता निर्माण करतात. ब्रिटनमधील ‘नाइस’ या आरोग्यसेवेचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने २००८ साली रुग्णाचे तापमान राखण्याविषयी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, योग्य त्या रुग्णांना चालत जाण्यास प्रोत्साहन द्यावे, असे स्पष्ट म्हटले आहे.

अर्थात खुब्याचे हाड मोडलेल्या, रक्तदाब खालावलेल्या किंवा गुंगीचे औषध घेतलेल्या रुग्णाला चालवू नयेच. शिवाय धडधाकट असूनही ज्याचे पाय भीतीने लटपटतात, ज्याला डोळे मिटून पडून राहावेसे वाटते, असाही रुग्ण असतो. त्याला चालायला लावणे मला तितकेच अन्यायाचे वाटते. व्हीलचेअरवर बसून गेल्यास श्रमही पडत नाहीत आणि समोरचेही दिसते.

चालत जाणाऱ्यासाठी तयारी मात्र नीट हवी. पाठीमागे उघडा राहणारा गाउन घालून लोकांसमोरून जाणे कोणालाही नको असते, म्हणून वरून दुसरा गाउन हवा, न घसरणारी पादत्राणे हवीत आणि सोबत परिचारिका हवी. चष्मा आणि श्रवणयंत्र भूल देईपर्यंत राहू द्यावे, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ सालच्या सुरक्षा तपासणी यादीनुसार भूल देण्यापूर्वी ओळख, शस्त्रक्रियेची जागा आणि संमती यांची खातरजमा खुद्द रुग्णाकडूनच करून घ्यायची असते. कसे जायला आवडेल, हा प्रश्न भूलतज्ज्ञांच्या पूर्वतपासणीतच विचारून उत्तर केसपेपरवर नोंदवता येते. आयत्या वेळी रुग्णाचे मन बदलले, तर व्हीलचेअर जवळ असली पाहिजे.