तडतड ऐकू येईना, तेव्हा आधी व्होल्टेज बघा

डिसेंबरातली संध्याकाळ. गॅलरीत कॉफी भाजण्यासाठी घरीच थोडा बदललेला, गरम हवेवर चालणारा पॉपकॉर्न मेकर घरघरतोय आणि आत १०० ग्रॅम हिरव्या कॉफीच्या बिया गरगर फिरताहेत. पाचव्या मिनिटाला त्या पिवळ्या झाल्या, मग बदामी, आणि बेकरीच्या दारात येतो तसा वास सुटला. आठव्या मिनिटाच्या आसपास पहिली तडतड ऐकू यायला हवी होती. अकरा मिनिटं झाली तरी नाही. चौदाव्या मिनिटाला मी यंत्र बंद केलं. त्या कॉफीला ना आंबटसर तजेला होता, ना गोडवा. नुसतं तपकिरी पाणी.

ही तडतड म्हणजे 'फर्स्ट क्रॅक'. हिरव्या बीमध्ये साधारण १० ते १२ टक्के पाणी असतं. बी तापते तशी त्याची वाफ होते, सोबत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि दाब असह्य झाला की बी तडकते. मक्याच्या लाहीतही वाफच काम करते, पण मक्याचं घट्ट साल १८० अंशांच्या सुमाराला एकदम फुटतं. कॉफीच्या बीतल्या पेशींच्या भिंती जाड असतात, त्यामुळे ती उमलत नाही, फक्त तडकून फुगते, तीही १९६ ते २०५ अंशांच्या दरम्यान. माझ्या बिया तिथवर पोचल्याच नव्हत्या. बी मधल्याच तापमानाला रेंगाळत राहिली की भाजली जात नाही, नुसती सुकते, आणि चव सपाट होते. मंद आचेवर विसरलेल्या रव्याला रंग येतो पण खमंगपणा येत नाही, तसंच हे.

कारण भिंतीतल्या सॉकेटमध्ये होतं. मीटर लावला तर व्होल्टेज २०५! हवा तापवणाऱ्या कॉइलची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे २३०चे २०५ झाले की १२०० वॅटची कॉइल जेमतेम ९५० वॅट देते. संध्याकाळी गिझर, मोटारी, इस्त्र्या सुरू होतात तेव्हा पुष्कळ ठिकाणी व्होल्टेज असं उतरतं.

पण यात एक मेख आहे, आणि ती कळायला मला बरेच घाणे वाया घालवावे लागले. मूळ यंत्रात पंख्याची छोटी डीसी मोटर कॉइलच्याच एका भागातून वीज घेते. व्होल्टेज पडलं की कॉइल मंदावते, तसा पंखाही मंदावतो. कमी हवेला तेवढीच उष्णता मिळाली तर ती हवा जास्त तापते, त्यामुळे नुकसान थोडंफार भरून निघतं. आपण मात्र बदल करताना पंखा वेगळ्या अडॅप्टरवर नेतो. अडॅप्टरला व्होल्टेज पडल्याचं सोयरसुतक नसतं. पंखा पूर्ण वेगात, आच मात्र कमी. थंडीत भर पडते ती वेगळीच, कारण मे महिन्यात ३८ अंशांची हवा आत शिरते आणि डिसेंबरात १५ अंशांची. तेवढाच फरक बियांवर येणाऱ्या हवेतही उतरतो.

उपाय सोपा आहे, पंख्याचा वेग थोडा उतरवायचा. किती? वरच्या थरातल्या बिया दर दोन-तीन सेकंदांना बदलताना दिसल्या पाहिजेत. तीच बी एका जागी थरथरत राहिली, तर हवा फार कमी झाली. खालच्या बियांवर काळे डाग पडणार.

सुरुवातीला ओलसर, जड बिया हलायला कंटाळतात. पहिली दोन मिनिटं हवा पूर्ण ठेवा, लागलंच तर लाकडी चमच्याच्या दांड्याने ढवळा. पुढे त्या वजनाने हलक्या आणि आकाराने मोठ्या होतात, उड्या मारू लागतात. तेव्हा हवा कमी करायची. मान्सून्ड मलबार, म्हणजे पावसाळी दमट हवेत मुरवलेली कॉफी, तिच्या बिया मुळातच फुगलेल्या आणि हलक्या असतात, त्यासाठी पहिल्यापासूनच हात आखडता ठेवा. चिकमगळूरच्या घट्ट अरेबिकाची मापं तिला लावू नका.

याउलट तडतड चौथ्याच मिनिटाला आली तर आच जास्त आहे. मूळ यंत्रं बहुतेक अशीच घाई करतात. बाहेरून सुंदर रंग, आतून कच्चट. एक बी सुरीने मधोमध कापा. कडेला गडद, गाभा फिकट दिसला की निदान झालं. वजनही करून बघा, १०० ग्रॅमचे ८५च्या आसपास उरले तर मध्यम भाजणी; ८९-९० राहिले तर अजून कच्ची.

तापमापकाच्या आकड्यावर फार विसंबू नका. के-टाइप थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या तारेचं) टोक बियांत पूर्ण बुडलेलं नसेल तर तो हवेचं तापमान सांगतो. बुडलेलं असलं तरी गरम झोत त्याला लागतोच. तडतड सुरू होताना आपल्या यंत्रावर कोणता आकडा दिसतो तो लिहून ठेवा, तोच आपला २०० समजा.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. मूळ मोटरचं सर्किट थेट २३० व्होल्टच्या लाइनला जोडलेलं असतं, त्यामुळे 'बारा-चोवीस व्होल्टची तर मोटर' म्हणून प्लग न काढता तिला हात लावू नका. धातूच्या भांड्याला अर्थिंग द्या. कॉइलवर पंख्याचा घरगुती रेग्युलेटर बसवू नका, एवढा भार त्याला पेलत नाही. पंखा बंद पडला की कॉइलही बंद व्हावी अशी जोडणी करा आणि थर्मल फ्यूज (यंत्र फार तापलं की वीज तोडणारा फ्यूज) काढू नका. तळाला जाळी असलेलं यंत्र तर या कामाला घेऊच नका, कारण बियांची फोलपटं जाळीतून कॉइलवर पडून पेट घेतात. बाजूला तिरकस फटी असलेलं भांडं हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मीटरवर २३१ होते. कॉइलच्या डिमरची (आच कमी-जास्त करायच्या बटणाची) तीच खूण, तेवढ्याच बिया, हवा जराशी कमी. सात मिनिटं चाळीस सेकंदांवर पहिला टिच्च आवाज आला, मग तीन, मग एकत्र बरेच. दीड मिनिट थांबून आच बंद केली आणि पंखा चालू ठेवून बिया थंड केल्या. वजन भरलं ८५ ग्रॅम.