रायनेक्स फाइल आणि मोजणीतल्या तिच्या अडचणी

रायनेक्स म्हणजे जीएनएसएस (जीपीएससारख्या सॅटेलाइट प्रणाली) रिसीव्हरने सॅटेलाइटकडून घेतलेला कच्चा डेटा ठेवायची साधी टेक्स्ट फाइल, नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. प्रत्येक कंपनीचा रिसीव्हर आपापल्या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करतो आणि एकाचं दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरला कळत नाही. १९८९ मध्ये युरोपात युरेफ ८९ नावाची जीपीएस मोहीम झाली, त्यात चार कंपन्यांचे ६० च्या वर रिसीव्हर होते, त्या सगळ्यांचा डेटा एकत्र प्रोसेस करायचा म्हणून बर्न विद्यापीठातल्या वेर्नर गुर्टनर यांनी हा फॉरमॅट बसवला. सध्या २.११ आणि ३ च्या पुढच्या आवृत्त्या जास्त दिसतात, २०२१ मध्ये ४ पण आली.

जमीन मोजणीत ही फाइल लागते ती मुख्यतः मोबाइलची रेंज नसलेल्या ठिकाणी. बेस (ठरलेल्या पॉइंटवरचा रिसीव्हर) आणि रोव्हर (मोजायच्या पॉइंटवरचा) दोन्ही स्टॅटिकला, म्हणजे एकाच जागी स्थिर लावून लॉगिंग करायचं, मग ऑफिसात येऊन बेसलाइन, म्हणजे दोघांमधलं अंतर आणि दिशा प्रोसेस करायची, किंवा सर्व्हे ऑफ इंडियाच्या कोर्स स्टेशनचा (कायम चालू असलेल्या रिसीव्हरचा) त्याच वेळेचा डेटा घेऊन त्याच्याशी जोडायचं. आणि इथेच सॉफ्टवेअर फाइल घेत नाही, किंवा घेतं पण उत्तर भलतंच देतं. अशा वेळी लोक लगेच डेटा खराब झाला म्हणून परत फील्डवर निघतात, पण बहुतेक वेळा खालचा डेटा ठणठणीत असतो, चूक वरच्या हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीच्या ओळींमध्ये असते, म्हणून हेडर वाचल्याशिवाय फेरमोजणी ठरवू नये.

हेडरमध्ये प्रत्येक ओळीची पहिली ६० अक्षरं माहितीची आणि ६१ ते ८० या जागा लेबलच्या, हे अगदी पक्कं असतं. समजा पॉइंटचं नाव चार अक्षरी आहे आणि कुणी नोटपॅडमध्ये ते सहा अक्षरी केलं तर त्या ओळीचं लेबल दोन घरं उजवीकडे सरकतं, डोळ्यांना काहीच वेगळं दिसत नाही पण सॉफ्टवेअरला ते लेबल सापडत नाही आणि फाइल अवैध म्हणून एरर येतो. जितकी अक्षरं वाढवली तितक्या स्पेस नाव आणि लेबल यांच्या मधून काढल्या की फाइल चालू. मूळ फाइलची कॉपी मात्र आधी वेगळी ठेवा, रिसीव्हरमधल्या कच्च्या फाइलसकट, आणि दुरुस्ती कॉपीवरच करा.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती अँटेनाची उंची. हेडरमध्ये ही उंची जमिनीवरच्या खुणेपासून अँटेनाच्या तळाच्या ठरलेल्या बिंदूपर्यंत उभी, मीटरमध्ये हवी असते, आणि फील्डवर टेप लावतात तिरका, अँटेनाच्या कडेपर्यंत. तिरकी उंची १.५२० मीटर आणि अँटेनाची त्रिज्या १९ सेंटीमीटर असेल तर उभी उंची १.५०८ येते, म्हणजे १२ मिलिमीटरचा फरक नुसता टेप तिरका असल्यामुळे, त्यात कडेची खूण आणि तळाचा बिंदू यांच्यातलं अंतर वेगळंच. कधी तिथे सरळ ०.०००० असतं कारण कंट्रोलरमध्ये (रिसीव्हर चालवायच्या हातातल्या यंत्रात) उंची टाकायची राहिली, अशा वेळी फील्ड बुकच वाचवतं, म्हणून उंची लिहिताना तिरकी की उभी हे शेजारी लिहाच. अँटेनाचा प्रकार रिकामा असला किंवा चुकीचा असला तर फेज सेंटरचं (अँटेना सिग्नल प्रत्यक्ष जिथे पकडतो त्या बिंदूचं) करेक्शन बरोबर लागत नाही आणि त्याचा फटका मुख्यतः उंचीला बसतो.

त्याच हेडरमध्ये पॉइंटचे पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलेले अंदाजे एक्स, वाय, झेड असतात. पुण्याच्या आसपास ते साधारण १६.८ लाख, ५८ लाख आणि २० लाख मीटर यायला हवेत, शून्य किंवा भलतेच दिसले तर काही सॉफ्टवेअर अडकतात.

वेळेचा घोळ वेगळा. फाइलमधली वेळ सहसा जीपीएसची असते, ती २०१७ पासून यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १८ सेकंद पुढे आहे, आणि आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे फाइलमधली तारीख आपल्याकडे पहाटे ५ वाजून २९ मिनिटं ४२ सेकंदांनी बदलते. उन्हाच्या आत काम उरकायचं म्हणून पहाटे पाचला बेस लावला तर सेशन (एका बैठकीचं लॉगिंग) दोन दिवसांत विभागलं जातं आणि कोर्स स्टेशनच्या दोन्ही दिवसांच्या फाइल घ्याव्या लागतात. फाइलच्या नावात वर्षातला कितवा दिवस तो आकडा असतो, जसं १५ ऑगस्ट म्हणजे २२७ आणि लीप वर्षात २२८.

जुन्या रिसीव्हरची तारीखच मागे जाते. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणी आकडा १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, शेवटचं असं एप्रिल २०१९ मध्ये झालं, आणि फर्मवेअर (रिसीव्हरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट नसेल तर १५ ऑगस्ट २०२५ चं काम ३० डिसेंबर २००५ चं म्हणून नोंदलं जातं. हे हाताने फाइंड-रिप्लेस करू नका, कच्च्या फाइलची रायनेक्स करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये आठवडा सांगायची सोय असेल तर ती वापरून कच्च्या फाइलमधून पुन्हा रायनेक्स काढा.

फाइल उघडली पण आत तुटके आकडे दिसले तर ती बहुधा हातानाका नावाच्या पद्धतीने दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) आहे, आधी मोकळी करा. २.११ मध्ये बायदू (चीनची) आणि नाविक (भारताची) या सॅटेलाइट प्रणालींना जागाच नाही, त्यामुळे जुन्या आवृत्तीत बदलताना ते सॅटेलाइट गळतात.

हेडरने न सुटणारी गोष्ट म्हणजे सायकल स्लिप, म्हणजे लहरी मोजताना मधेच मोजणी तुटणं. आंब्याखाली किंवा पत्र्याच्या शेडला लागून पॉइंट घेतला की सिग्नल तुटतो, एल१ या जीपीएस सिग्नलची एक लहर १९ सेंटीमीटरची, तिची मोजदाद चुकली की उत्तर फिक्स (पक्कं) न होता फ्लोटवर (अंदाजावर) राहतं. तो सॅटेलाइट किंवा तेवढी मिनिटं वगळून बघा, नाहीच जमलं तर मग खरोखर परत जावं लागतं.

आणि एक तक्रार हमखास येते, फाइल परदेशी ऑनलाइन सेवेत टाकली आणि उत्तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या पॉइंटपेक्षा जवळपास मीटरभर सरकलेलं आलं. फाइल बरोबर असते. सर्व्हे ऑफ इंडियाचे कोऑर्डिनेट आयटीआरएफ २००८ या जागतिक संदर्भ फ्रेमचे, २००५ सालाला बांधलेले, ऑनलाइन उत्तर बऱ्याचदा मोजणीच्या दिवसाचं असतं, आणि भारताची प्लेट वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकते, म्हणजे २० वर्षांत एक मीटर. गटाचं क्षेत्रफळ यात बदलत नाही कारण सगळे कोपरे एकसाथ सरकतात, पण शेजारच्या गटाचे कोऑर्डिनेट दुसऱ्या सालाला बांधलेले असतील तर दोन नकाशे एकावर एक ठेवल्यावर बांध मीटरभरापर्यंत अतिक्रमणात दिसू शकतो, आणि म्हणून कोऑर्डिनेटच्या खाली फ्रेम आणि साल दोन्ही लिहायला हवेत.