साबुदाणा वेळेवर का येत नाही, आणि किती ठेवावा

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी इंदूरच्या रामबागेतल्या किराणा दुकानात साबुदाणा नसेल, तर नुकसान एकट्या साबुदाण्याचं होत नाही. गिऱ्हाईक शेंगदाणे, वरी आणि तूपही दुसरीकडूनच घेतं.

साबुदाणा मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलम भागात, टॅपिओकाच्या कंदांपासून बनतो. तिथून इंदूर रस्त्याने सुमारे दीड हजार किलोमीटर. माल आधी सियागंजच्या घाऊक बाजारात उतरतो, मग दुकानात येतो. अडचण या अंतराची वाटते, पण माल दर वेळी बरोबर चौथ्या दिवशी आला तर दीड हजार किलोमीटरही काही बिघडवत नाहीत. कधी दुसऱ्या, कधी सातव्या दिवशी आला की फडताळ रिकामं पडतं.

हिशेब करून पाहा. रोजचा खप सरासरी 6 किलो, त्यात साधारण 2 किलोचा चढउतार. चार दिवसांचा चढउतार चौपट होत नाही, 4 च्या वर्गमुळाइतका, म्हणजे दुप्पट होतो; एका दिवशी जास्त खपलं तर दुसऱ्या दिवशी कमी खपून ते भरून निघतं. झाले 4 किलो. शंभरातल्या 95 वेळा माल पुरावा म्हणून 1.65 ने गुणायचं: सुमारे 7 किलो राखीव. चार दिवसांचे 24 धरून साठा 31 किलोवर आला की मागणी द्यायची.

आता येण्याच्या दिवसांतच 2 दिवसांचा चढउतार धरा. उशिराचा प्रत्येक दिवस पुरे 6 किलो खातो, म्हणून हा चढउतार 12 किलोंचा. 4 आणि 12 यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की साडेबारा, 1.65 पटीने 21 किलो. राखीव साठा तिप्पट झाला आणि मागणीची वेळ 45 किलोवर आली. खप तसूभरही वाढलेला नाही!

म्हणून वहीत दोन तारखा लिहाव्यात: मागणी दिली ती आणि माल उतरला ती. दहा-बारा नोंदींत कोणता माल बेभरवशाचा ते दिसतं. दुसरा घाऊक व्यापारी जोडण्याआधी त्याचा माल कुठून येतो ते जरूर विचारावं. दोघांचा माल एकाच ट्रकमधून येत असेल, तर ट्रक अडकल्यावर दोघेही रिकामेच.

घाबरून दोघांकडे दुप्पट मागणी देणं मात्र घातक. गिऱ्हाइकाने तेलाचा एक डबा जास्त नेला की दुकानदार तीन जास्त मागवतो, घाऊकवाला दहा. ही वाढत जाणारी लाट अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे जे फॉरेस्टर यांनी 1961 साली मांडली. पुढे तिला चाबकाच्या फटकाऱ्याची उपमा मिळाली, मुठीपाशी हलका हिसका आणि टोकाला जोराचा तडाखा. 28 एप्रिल 2022 ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली आणि 23 मे रोजी पुन्हा सुरू केली. माळव्यात सोयाबीन उदंड पिकतं, तरी पाम आणि सोया एकमेकांची जागा घेतात, त्यामुळे इथला भावही त्यांच्याबरोबर हलतो. अशा 25 दिवसांसाठी कोणी दोन महिन्यांचे डबे चढ्या भावात भरले, तर बंदी उठल्यावर ते उतरत्या बाजारात विकावे लागतात.

राखीव साठा सगळ्याच मालाचा करता येत नाही. साबुदाणा कोरडा राहिला तर महिनोन्‌महिने टिकतो. पोतं लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवावं. रवा-बेसनाचं तसं नाही. 30 अंशांच्या आसपासच्या दमट हवेत पिठातल्या किड्यांची एक पिढी महिना-सव्वा महिन्यात तयार होते. पावसाळ्यात रवा तीन आठवड्यांच्या खपापेक्षा जास्त भरू नये, आणि नवं पोतं नेहमी जुन्याच्या मागे लावावं.